'मस्ट नॉट' लिहिलं आणि प्लॉट अडकला : इंग्रजीतला नकार नेमका कुठं बसतो?

वेलीखालचा
सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. एरवी मी इथं छाटणीच्या आणि डाऊनी रोगाच्या धाग्यांवर असतो. आज इंग्रजीबद्दल विचारायचंय, आणि बागेइतकंच निकडीचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

एका प्लॉटचा माल निर्यातीला ठरला. निर्यातदाराचं नाव इथं नको. ऑफिस मुंबईत, तिथल्या साहेबांना मराठी येत नाही, सगळा व्यवहार इंग्रजी मेलवर. त्यांनी विचारलं, सोमवारी सॅम्पल न्यायला माणूस पाठवू का? सॅम्पल तर शनिवारीच दिलं होतं. घरातली मेल पुतण्या बघतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी शेडमधे पनेट, म्हणजे द्राक्षं भरायचे छोटे डबे, मोजत होतो. तिथूनच त्याला म्हणालो, "लिही त्यांना, माणूस पाठवायला नको, सॅम्पल दिलंय."

त्यानं लिहिलं : 'यू मस्ट नॉट सेंड युवर मॅन ऑन मंडे. सॅम्पल इज ऑलरेडी गिव्हन.'

संध्याकाळी उत्तर आलं की कटिंग, म्हणजे घडांची तोड, थांबवा, आमचा माणूस बाग बघेपर्यंत माल उचलणार नाही. फोन केला तर साहेबांचा आवाजच बदललेला. आमच्या माणसाला बागेत यायला बंदी का घालताय, असं विचारत होते. मला आधी कळेचना, बंदी कुणी घातली? पोरानं मेल वाचून दाखवली तेव्हाही आम्हा दोघांना ती बरोबरच वाटली. नको म्हणजे नॉट, पाहिजे म्हणजे मस्ट, मग 'मस्ट नॉट'. यात चुकलं कुठं?

घडात साखर भरलीय आणि दुपारपासून आभाळ भरून आलंय. पोरगं जेवलं नाही. त्याच्यावर मी चिडलो नाही, कारण मीही तेच लिहिलं असतं. कुणीतरी हे नीट समजावून सांगा.

फळ्याजवळून
सोमवार, रात्री १०:०५

दादा, मी वाई तालुक्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवते, एकवीस वर्षं झाली. तुमच्या पुतण्यानं केलेली चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो, आणि ती हुशार मुलंही करतात. त्याला आधी जेवायला घाला.

चूक इंग्रजीत झालेली नाही, मराठीतल्या 'नको'त झालीय. आपला 'नको' दोन कामं करतो. आजारी माणसाला आपण म्हणतो, "गार पाणी प्यायला नको." तिथं मनाई आहे. आणि शेजारणीला म्हणतो, "डबा परत द्यायला यायला नको, मीच येते." तिथं मनाई नाही, तिचे कष्ट वाचवायचेत. आपल्याला सूर ऐकूनच कळतं, म्हणून शब्द एक असला तरी चालतं. मेलला सूर नसतो.

इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. मनाई असेल तर 'मस्ट नॉट'. गरज नसेल तर 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू'. गंमत अशी की होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जुळ्या भावंडांसारखे वाटतात. 'आय मस्ट गो' काय आणि 'आय हॅव टू गो' काय, आपण दोन्हीला 'मला जायला पाहिजे' म्हणतो. नकार आला की ते दोन टोकांना जातात. 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे जायचं नाही. 'यू डोन्ट हॅव टू गो' म्हणजे जायचं तर जा, नाहीतर राहू दे.

वर्गात मी फळ्यावर एक उभी रेघ मारते. डावीकडं लिहिते 'सक्ती', उजवीकडं लिहिते 'जाणं'. मग खडू मुलाच्या हातात देते आणि विचारते, 'न' कुठं लिहायचा? उजवीकडं लिहिला तर 'सक्ती : न जाणं'. सक्ती शाबूत राहिली, ती न जाण्याची झाली. हा 'मस्ट नॉट'. डावीकडं लिहिला तर 'सक्ती न : जाणं'. सक्तीच पुसली गेली, जाणं तसंच राहिलं, मर्जीवर. हा 'नीड नॉट'. खडू हातात घेऊन मूल एकदा त्या रेघेपाशी थांबलं की सहसा विसरत नाही.

तुमच्या मेलमधे 'न' उजवीकडं पडला, म्हणजे 'न पाठवण्याची सक्ती'. साहेबांनी जे वाचलं ते त्या शब्दांत खरंच होतं.

पुतण्याला एवढंच सांगा, की 'नको' सरळ इंग्रजीत न्यायचा नाही, आधी मराठीतच फोडायचा. त्या जागी 'नये' बसतंय का बघायचं, मग 'लागत नाही' बसतंय का बघायचं. 'माणूस पाठवू नये' म्हणायचं होतं का? नाही. 'माणूस पाठवावा लागणार नाही' म्हणायचं होतं का? हो. मग 'यू नीड नॉट सेंड'.

वेलीखालचा
सोमवार, रात्री १०:३०

मॅडम, पोराला जेवताना वाचून दाखवलं. मधेच भाकरी ठेवून उठला आणि वहीवर रेघ मारून बसला. उद्या सकाळी मेल करतो. मसुदा इथं टाकला तर बघाल का?

मिरज_वॉर्ड
मंगळवार, पहाटे ५:५०

नाइट ड्यूटी संपता संपता वाचतेय. मी मिरजेत नर्स आहे, बाहेरदेशी जायच्या परीक्षेची तयारीही चालू आहे, त्यामुळं हा विषय रोज अंगावर येतो.

मॅडमनी 'मस्ट नॉट'चं सांगितलं. आमच्याकडं त्याहून धोक्याचा आहे तो 'मे नॉट'. ट्रेनिंगला असताना केस पेपरवर कुणीतरी लिहिलं होतं, 'पेशंट मे नॉट ईट बिफोर सर्जरी'. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की खायची परवानगी नाही. माझ्याबरोबरच्या मुलीनं वाचलं की पेशंट कदाचित खाणार नाही. ती नातेवाइकांना सांगायला निघाली होती की खाल्लं तर चालेल, नाही खाल्लं तरी चालेल. सिस्टरांनी दारातच अडवलं, म्हणून निभावलं. त्या खोलीत पेशंटची आई डब्यातून शिरा काढून ताटलीत वाढत होती. तो शिरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून मी 'मे नॉट' लिहीतच नाही. 'निल बाय माउथ' लिहायची पद्धत आहे ती याचसाठी चांगली. त्यात 'मे' नाही, 'कॅन' नाही, 'शुड' नाही. तोंडावाटे काहीही नाही, विषय संपला.

'मे' होकारातही दोन अर्थांचा आहे. 'यू मे गो' म्हणजे जा, परवानगी आहे. 'इट मे रेन' म्हणजे पाऊस पडेल कदाचित. पण होकारात घोटाळा झाला तरी सहसा निभावतं. नकारात झाला तर माणसाच्या पोटात अन्न जातं.

घाट_उतरून
मंगळवार, सकाळी ८:४०

मूळचा कराडचा, पुण्यात सॉफ्टवेअरमधे. सिस्टरताईंनी जे सांगितलं तेच आमच्या धंद्यात इतकं नडलं होतं की त्यावर चक्क कागद काढावा लागला. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्या नियमांच्या कागदांना 'आरएफसी' म्हणतात. त्यातला २११९ क्रमांकाचा कागद मार्च १९९७ मधला, आणि तो फक्त या शब्दांचे अर्थ ठरवण्यासाठी आहे. 'मस्ट' म्हणजे करायलाच पाहिजे. 'मस्ट नॉट' म्हणजे पूर्ण बंदी. 'शुड' म्हणजे करावं, सबळ कारण असेल तर सोडता येतं, पण परिणामांचा विचार करून. 'शुड नॉट' म्हणजे करू नये, पण सबळ कारण असेल तर चालतं. 'मे' म्हणजे खरोखर मर्जी.

'मे नॉट' त्या यादीत ठेवलेलाच नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला ते राहून गेल्यासारखं वाटलं होतं. आज सिस्टरताईंचा शिरा वाचून पटलं, की तो बाहेर राहिला तेच बरं.

सांगलीवाडीची
मंगळवार, सकाळी ११:१५

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, इंग्रजीचा पेपर असतो. मॅडम, माझी अडचण वेगळी आहे. 'मस्ट'चा दुसरा अर्थ अंदाजाचा ना? 'ही मस्ट बी ॲट होम', तो घरीच असणार. मग तो घरी नसणार, याला 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' लिहिलं तर उत्तर चूक दिलं होतं. का?

आणि एक. पुस्तकात होतं की 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ. मग 'यस्टरडे आय कुड कॅच द लास्ट बस' यात चूक काय? तेही कापलं.

फळ्याजवळून
मंगळवार, दुपारी १:३०

मधली सुट्टी आहे, पटकन लिहिते.

पहिलं. आपण 'असणार'ला 'नसणार' करतो, म्हणजे एका क्रियापदाचाच नकार करतो, म्हणून 'मस्ट'लाही 'नॉट' लावावासा वाटतो. पण शाळेत आपण जी ब्रिटिश वळणाची इंग्रजी शिकतो तिच्यात अंदाजाच्या 'मस्ट'चा नकार 'कॅनॉट' होतो. सातारा स्टँडवर उभी आहेस असं समज. फलाटावर कुणी नाही. 'द बस मस्ट हॅव लेफ्ट', गाडी गेली असणार. तेवढ्यात कंडक्टर कॅन्टीनमधून चहा पिऊन बाहेर आला. 'द बस कान्ट हॅव लेफ्ट', गेलेली असणं शक्यच नाही. ठाम होकाराच्या अंदाजाला 'मस्ट', ठाम नकाराच्या अंदाजाला 'कान्ट'. आणि नक्की माहीत नसेल तर 'माइट नॉट' : 'द बस माइट नॉट हॅव लेफ्ट', गेली नसेलही.

दुसरं. एका विशिष्ट वेळी एखादं काम जमलं, तर होकारात 'कुड' चालत नाही, तिथं 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं. 'यस्टरडे आय वॉज एबल टू कॅच द लास्ट बस.' पण नकारात 'कुड नॉट' बिनधास्त चालतं : 'आय कुडन्ट कॅच द लास्ट बस.' आणि अंगात असलेल्या जुन्या कुवतीबद्दल होकारातही 'कुड' चालतं. लहानपणी मला कृष्णेत पैलतीरापर्यंत पोहता यायचं, 'आय कुड स्विम ॲक्रॉस द कृष्णा'. त्या एका गाडीपुरता मात्र 'कुड' वापरू नकोस.

घंटा झाली.

घाट_उतरून
मंगळवार, दुपारी २:१०

मॅडम, एक पुरवणी जोडू का? आमच्या टीममधले अमेरिकन लोक 'ही मस्ट नॉट बी ॲट होम' सर्रास म्हणतात, आणि त्यांचा अर्थ 'तो घरी नसणार' असाच असतो. फक्त ते 'मस्ट नॉट' तोडून म्हणतात, 'मसन्ट' असं जोडून म्हणत नाहीत. म्हणजे ताईंचं उत्तर अगदीच रद्दी नव्हतं.

फळ्याजवळून
मंगळवार, सायंकाळी ६:४५

बरोबर आहे तुमचं, मी वर 'ब्रिटिश वळणाची' म्हटलं ते त्यासाठीच. ताईला पेपरात 'कान्ट' लिहायला सांगेन, कारण गुण ब्रिटिश पुस्तकावर मिळतात. पण तिनं अमेरिकन माणसाचं बोलणं ऐकून त्याला बंदी समजू नये.

हौदाकाठचा
मंगळवार, रात्री ८:००

मी वयानं मोठा हाय, पलूसकडचा. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलो. इंग्रजी आम्हाला पाचवीपासनं होतं. आता नातवंडांना पहिलीपासनं हाय, २००० साली सुरू झालं ते. एवढी वर्षं शिकूनही एक वाक्य मला कधी जमलं न्हाई. आज दुपारी मोटर बंद पडली. स्टार्टर दाबतोय, नुसती गुरगुर, पाणी काय येईना. नातू म्हणाला, आजोबा, कंपनीच्या ॲपवर तक्रार इंग्रजीत टाकूया. मी म्हटलं टाक, "मोटर सुरू होईना." त्यानं टाकलं, 'मोटर इज नॉट स्टार्ट'. मला ते कायतरी खटकलं. 'होईना' कसं म्हणायचं?

फळ्याजवळून
मंगळवार, रात्री ८:५०

काका, तुम्ही या धाग्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न विचारलात. 'द मोटर वोन्ट स्टार्ट.'

'वोन्ट' हा 'विल नॉट'. शाळेत आपण त्याला नुसता भविष्यकाळ म्हणून शिकवतो : येणार नाही, जाणार नाही. पण 'विल'चा जुना अर्थ इच्छेचा आहे. म्हणून त्याच्या नकारात अडून बसणं आहे. दार उघडेना, 'द डोअर वोन्ट ओपन'. पोरगं ऐकेना, 'द बॉय वोन्ट लिसन'. डाग जाईना, 'द स्टेन वोन्ट गो'. आणि काल सुरू होत नव्हती, तर 'द मोटर वुडन्ट स्टार्ट'.

मराठीत हे रूप फक्त नकारात आहे हे बघा. 'होईना' आहे, पण त्याला होकाराचा जोडीदार नाही. मोटर सुरू झाली की आपण 'झाली' म्हणतो, संपलं. इंग्रजीतही तसंच : 'द मोटर वोन्ट स्टार्ट' म्हणता येतं, पण सुरू झाल्यावर 'द मोटर विल स्टार्ट' म्हणत नाहीत, 'इट स्टार्टेड' म्हणतात. आमच्या पुस्तकांत 'वोन्ट'समोर 'ईना' असं साधं लिहून दिलं असतं तर किती मुलांना सोपं गेलं असतं. माझ्या वर्गाला मी उद्यापासून असंच सांगणार.

अजून एक तुमच्याच बोलण्यातलं. 'मला चालवत नाही', 'मला बघवेना'. इथं 'कॅन'चा नकार आहे, पण शरीरानं किंवा मनानं साथ सोडलेला. 'आय कान्ट वॉक', 'आय कुडन्ट बेअर टू लुक'. 'मी चालू शकत नाही' आणि 'मला चालवत नाही' यांत केवढा फरक आहे आपल्याला. इंग्रजीत दोन्हीला 'कान्ट' पुरतं, उरलेलं पुढच्या शब्दांनी सांगावं लागतं.

हौदाकाठचा
मंगळवार, रात्री ९:१०

'वोन्ट स्टार्ट' टाकलं नातवानं. तुमचं लई आभार, मॅडम.

पोवईनाका_कोर्टाकडं
बुधवार, सकाळी १०:००

सातारला वकिलांकडं कारकून आहे, करारनामे टाइप करण्यात आयुष्य गेलं. आमच्या कामात राजा आहे 'शॅल'. बोलताना आता फारसं कुणी 'शॅल' म्हणत नाही, पण कागदावर तो आला की बंधन आलं. 'द टेनन्ट शॅल पे' म्हणजे भाडं भरायलाच लागेल. 'मे' आला की अधिकार, वापरा किंवा वापरू नका. संसद कायद्यानं नवीन राज्य निर्माण करू शकते, तिथं संविधानाच्या अनुच्छेद ३ मधे 'मे' आहे. कलम वाचताना आमचे वकीलसाहेब आधी पेन्सिलीनं 'शॅल' आणि 'मे' यांना गोल करतात, मगच बाकीचं वाचतात.

'शॅल नॉट' बघायचा असेल तर अनुच्छेद १४ बघा. 'द स्टेट शॅल नॉट डिनाय टु एनी पर्सन इक्वॅलिटी बिफोर द लॉ.' इथं बंदी माणसावर नाही, राज्यावर आहे. अनुच्छेद १५ मधे पुन्हा तेच, 'द स्टेट शॅल नॉट डिस्क्रिमिनेट'. आणि १४ च्या वाक्यात दोन नकार आहेत : 'डिनाय' म्हणजे नाकारणं, त्यालाच 'शॅल नॉट'. मराठी संविधानात तिथं 'नाकारणार नाही' असं आहे. मॅडमच्या रेघेवर बसवून बघितलं. सक्ती जागेवर, आणि पलीकडं 'न नाकारणं'. त्या रेघेनं मला हे कलम नव्यानं कळलं.

साताऱ्यात राहून हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्याच सरकारी शाळेत दाखल झालं, इंग्रजी पहिलीत. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ज्या मुलाला शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, तो ज्या गावात इंग्रजी पहिलीत शिकला, त्याच गावात मी रोज हे 'शॅल नॉट' टाइप करतो. मसुदा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं होतं. एका शब्दात 'शॅल'च्या जागी 'शुड' असता, तर तो नुसता उपदेश झाला असता.

मिरज_वॉर्ड
बुधवार, दुपारी १२:२०

काका, हे वाचून अंगावर काटा आला. वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवलं.

सांगलीवाडीची
बुधवार, दुपारी ३:००

माझ्याकडून एक भर, कारण मी स्वतः यात बरेच गुण घालवलेत. या शब्दांचा नकार करताना 'डू, डज, डिड' बोलवायचं नाही. 'ही डजन्ट कॅन' नाही, 'ही कॅनॉट'. 'आय डिडन्ट कुड' नाही. तिसऱ्या पुरुषाचा 'स'सुद्धा नाही, 'ही मस्ट्स' असं काही नसतं. पण 'हॅव टू' या कुळातला नाही, त्याला 'डू' लागतोच : 'ही डजन्ट हॅव टू कम'. 'ही हॅजन्ट टू कम' मी लिहायचे, ते आता कुणी लिहीत नाही. आणि 'कॅनॉट' सहसा एकच शब्द म्हणून लिहितात, मधे जागा न सोडता.

मिरज_वॉर्ड
बुधवार, सायंकाळी ४:१०

फोनवरचं राहिलं. 'कॅन' आणि 'कान्ट' फोनवर वेगळे ऐकू येत नाहीत, विशेषतः अमेरिकन माणूस 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा 'ट' गिळतो तेव्हा. ऐकायची खूण अशी की होकारातला 'कॅन' वाक्यात दबून जातो, 'आय कन कम' असा, जोर 'कम'वर. नकारात जोर 'कान्ट'वरच पडतो. आणि बोलताना आपण आखडता हात घ्यायचा नाही, सरळ 'कॅनॉट' पूर्ण म्हणायचं. ड्यूटी बदलताना फोनवर मी जोडरूप वापरतच नाही.

वेलीखालचा
बुधवार, रात्री ८:१५

मॅडम, मंगळवारी मेल करतो म्हणालो होतो पण आभाळाच्या धास्तीनं दोन दिवस बागेतच गेले, फोनवर नुसती दिलगिरी सांगितली. साहेब म्हणाले, लेखी द्या. पुतण्यानं मसुदा केलाय, त्याचाच आहे, मी हात लावला नाही :

'सर, वी आर सॉरी फॉर आवर अर्लिअर मेल. वी मेंट दॅट यू नीड नॉट टू सेंड युवर मॅन, बिकॉज द सॅम्पल वॉज गिव्हन ऑन सॅटरडे. ही कॅन कम एनी डे. वी शुड रोट इट प्रॉपर्ली.'

फळ्याजवळून
बुधवार, रात्री ८:४०

छान लिहिलंय, मनापासून. दोनच दुरुस्त्या.

'नीड नॉट'पुढचा 'टू' काढायचा. 'नीड'ची दोन रूपं आहेत. 'नॉट' थेट त्याला चिकटला की तो 'मस्ट', 'कॅन'च्या पंगतीत बसतो, मग 'टू' नाही आणि 'स'ही नाही : 'यू नीड नॉट सेंड', 'ही नीड नॉट कम'. 'डोन्ट' आला की साधं क्रियापद होतो, मग 'टू' लागतो : 'यू डोन्ट नीड टु सेंड'. दोन्ही बरोबर, मिसळ मात्र चुकीची. आपल्याकडं मोठमोठ्या कचेऱ्यांच्या पत्रांत 'नीड नॉट टू' दिसतो, म्हणून पोराला दोष नाही.

शेवटचं वाक्य : 'वी शुड हॅव रिटन इट प्रॉपर्ली'. नीट लिहायला हवं होतं. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल 'हॅव' आणि त्यापुढं तिसरं रूप.

यातही 'नको' पुन्हा येतो, तेवढं पुतण्याला आताच दाखवा. "तू यायला नको होतंस." चूक केलीस असं म्हणायचं असेल तर 'यू शुड नॉट हॅव कम'. उगाच एवढा त्रास घेतलास असं म्हणायचं असेल तर 'यू नीड नॉट हॅव कम', म्हणजे तो आलाय, पण गरज नव्हती. आणि 'यू डिडन्ट नीड टू कम' म्हणजे गरज नव्हती एवढंच. आला की नाही ते या वाक्यावरून ठरत नाही. पाहुण्यानं पेढ्यांचा पुडा आणला की आपण म्हणतो, "कशाला, आणायला नको होतं." तिथं इंग्रज माणूसही 'यू शुडन्ट हॅव' असंच हसून म्हणतो. तेवढ्या एका जागी त्यांचा आणि आपला सूर जुळतो.

वेलीखालचा
शुक्रवार, सकाळी ७:००

मेल बुधवारी रात्रीच गेली. काल त्यांचा माणूस येऊन गेला, बाग फिरला, ब्रिक्स, म्हणजे साखर, मोजली, शेडमधे चहा प्यायला. आज सहा वाजता कटिंग सुरू झालं. आभाळही निवळलंय. पुतण्या कॉलेजला जायच्या आधी क्रेट उचलतोय.

मॅडम, पहिल्या तोडीची एक पेटी तुमच्यासाठी वाईला पाठवतो.

फळ्याजवळून
शुक्रवार, सकाळी ७:२५

फार आनंद झाला, दादा. पण द्राक्षं पाठवायला नको.

वेलीखालचा
शुक्रवार, सकाळी ७:३०

पुतण्या विचारतोय, हा 'नको' रेघेच्या कुठल्या बाजूचा?

फळ्याजवळून
शुक्रवार, सकाळी ७:३४

डावीकडचा. 'यू नीड नॉट.'

वेलीखालचा
शुक्रवार, सकाळी ७:४०

म्हणजे बंदी नाही. पेटी आजच्या गाडीनं निघतेय.